उडालेला रंग

लिलावाआधी मांडलेली चित्रं बघायला आम्ही दोघं सहज आत शिरलो. युरोपातल्या प्रबोधनकाळातली एक लाकडी फळी होती. तिच्यावर रंगवलेली येशूची आई मेरी आणि तिच्या मांडीवर बाळ. बाळाच्या पावलाचा रंग मात्र पार उडालेला.

"लोक तिथे ओठ टेकवायचे," विक्रेती म्हणाली. "विकण्याआधी रंगवून घेऊ."

एवढा रंग जायला किती घरांतली दुखणी लागली असतील!

बायकोने चपला काढून हात जोडले. मुलाला दवाखान्यात गमावून परतलो, तेव्हापासून तिने देवासमोर हात जोडलेले मी पाहिले नव्हते.

"काय मागितलंस?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"देवाला नाही केला नमस्कार. ओठ टेकवून गेलेल्या बायांना केला. त्यांचंही कुणी ऐकलं नसेल. आणि आता ते पाऊलही रंगवून टाकणार."