श्रावणातली हाक

चंद्रावतीचा आवाज गोड होता असं कोणी सांगितलं, तर ते खोटं समजावं. फाटका, थोडा नाकातला, आणि पोफळीच्या बागांतून आरपार जाणारा आवाज. "बांगडे इले गो, फडफडीत बांगडे!" अशी हाक आली की आमच्या खालच्या वाडीतल्या बायका हातातलं काम टाकून ताटं घेऊन बाहेर यायच्या. माझी सासू सावित्री तर देवाला फूल वाहता वाहता उठायची. मग अंगणात दोघींचं भांडण. सासू बांगड्याचे कान, म्हणजे कल्ले, उघडून बघणार, चंद्रावती टोपली उचलून निघून जायचं नाटक करणार, आणि शेवटी दोघी पान खात बसणार. एक मात्र खरं. फडफडीत म्हणाली तर मासे फडफडीतच असायचे. माशांविषयी ती बाई कधी खोटं बोलली नाही.

ती वेंगुर्ल्याची माहेरवाशीण, मालवणात दिलेली. नवरा समुद्रावर, आणि ही सकाळच्या एसटीने टोपली घेऊन आमच्या आतल्या गावात. बस धरणावरून येते आणि वरच्या वाडीत देवळापाशी थांबते. तिथून खाली यायला दोन वाटा. सरळ वाट नदीच्या काठाने, दुसरी मळ्यातून बांधाबांधाने, लांबची आणि चिखलाची. चंद्रावती पूर्वी सरळ वाटेने यायची. त्या वाटेवर पहिलं घर काशीरामचं. त्याची बायको शेवंती तिची पहिली गिऱ्हाईक. टोपली उतरवायला आणि परत डोक्यावर चढवायला दुसऱ्या बाईचा हात लागतो, तो हात शेवंतीचा असायचा.

शेवंती तापाने गेली. दिवसकार्य झाल्यावर चंद्रावती पहिल्यांदा आली, नेहमीप्रमाणे हाक मारत, तेव्हा काशीराम बाहेर आला आणि उंबऱ्यावर उभा राहिला. म्हणाला, "चंद्रावती, तू हाक मारलंस काय शेवंती आतसून ताट घेवन येतली असा वाटता. माझ्या दारावरसून जाव नको बाये."

एवढंच. रागाने नाही, भांडण नाही. त्याने मासळी सोडली आणि हिने ती वाट सोडली. दुसऱ्या दिवसापासून ती मळ्यातून यायला लागली. साप, जळवा, पावसात गुडघाभर चिखल, पण सरळ वाटेवर तिने पाऊल म्हणून टाकलं नाही. तरी लांबून हाक ऐकू आली की काशीराम दार ओढून घ्यायचा. वाडीला ते इतकं सवयीचं झालं होतं, की ते दार लागलं की मासे आले असं आम्ही समजायचो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

श्रावणात मात्र आमच्याकडे मासळी बंद. तेव्हा चंद्रावती रिकामी टोपली घेऊन यायची आणि आमची काकडी, दोडकी, अळू मालवणच्या बाजारात न्यायची. महिनाभर हाक नाही. मागच्या दाराने मुकाट्याने यायची.

आता धरणाबद्दल. आमचं धरण मातीचं, आणि त्याच्या कडेला दगडी सांडवा. पावसात धरण भरलं की जास्तीचं पाणी त्यावरून खाली पडतं. त्या सांडव्याच्या भिंतीत उंबर उगवला होता आणि त्याच्या मुळांनी दगड सुटले होते. अर्ज झाले. गाड्या आल्या. साहेबांनी फोटो काढले. "पाठपुरावा चालू आहे" म्हणाले. तरणी पोरं मात्र दर पावसाळ्यात त्या पाण्याखाली उभी राहून व्हिडिओ काढायची. कोणाला काय बोलायचं? दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मोबाईलवर धरण फुटल्याचं पाठवलं आणि सगळी वाडी गुरंढोरं घेऊन डोंगरावर पळाली. काही झालं नव्हतं. फक्त आमचा शेजारी सत्यवान घसरला आणि पाय मोडून घेऊन आला. त्यानंतर वाडीत ती थट्टाच झाली. कोणी धापा टाकत आलं की विचारायचं, "काय रे, धरण फुटला?"

त्या श्रावणी सोमवारी सकाळी खरोखर फुटलं.

आठवडाभर पाऊस खळत नव्हता. वीज गेलेली, मोबाईलचे टॉवर मेलेले. एसटी धरणावर आली तेव्हा सांडव्याची एक बाजू ढासळली होती आणि पाणी शेजारच्या मातीच्या भिंतीत घुसत होतं. पाणी लाल होतं, म्हणजे भिंतीची माती सुटली होती. ड्रायव्हरने बस तशीच देवळापर्यंत हाणली. वरची वाडी उंचावर, तिला भीती नव्हती. खालच्या वाडीत कोण सांगणार यावर लोक बोलत उभे राहिले. चंद्रावतीने टोपली उचलली आणि ती मळ्यातून धावत सुटली.

पहिला तिला भेटला सत्यवान, पडवीत झोपाळ्यावर. ती ओरडली, "धरण फुटला रे! पळा!"

तो हसला. "चंद्रावती, तू पण? एक पाय मोडलो, आता दुसरो मोडूचो आसा काय?"

आमची घरं एकमेकांना लागून नाहीत. प्रत्येकाची बाग, प्रत्येकाचा दगडी गडगा, आणि वर पावसाचा आवाज. दारोदार जाऊन पटवत बसायला वेळ कुठे होता? ती वाडीच्या मध्यावर, आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात आली, आणि तिने सगळा जीव एकवटून हाक मारली.

"बांगडे इले गो! फडफडीत बांगडे!"

श्रावणी सोमवारी! मी दचकले. सासूच्या हातात बेलाची पानं होती, ती तशीच घेऊन ती बाहेर धावली. घराघरातून बायका निघाल्या, ताट कोणाच्याच हातात नाही, सगळ्या तोंडाने तयार.

"गो सटवे, श्रावणी सोमवार आसा आज!" सासू कडाडली. "लाज खंय ठेवलंस?"

चंद्रावतीने टोपली आमच्यासमोर पालथी केली. आत काही नव्हतं. तिच्या पायातून रक्त येत होतं.

"सांडवो फुटलो," ती म्हणाली. "पोरांक घेवा आणि देवळाकडे पळा."

 मग सासू म्हणाली, "ही माशांविषयी कधी खोटा बोलाक नाय. आज बोलली. पळा गो!"

आम्ही पळालो. बायकांनी पुरुषांना उठवलं, सत्यवानाला त्याच्या बायकोने अक्षरशः ओढलं. दावी कापली. मी पोराला कडेवर घेतलं आणि मळ्यातून चढणीला लागले. सासू माझ्या मागे, हातात अजून बेलाची पानं. देवळात पोहोचल्यावर चंद्रावती एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरत होती.

"काशीराम भाऊ खंय आसत?" तिने विचारलं.

सत्यवान म्हणाला, "येतत मागसून. दार लावन घेताना बघलंय मी त्येंका. कुलूप लावन येत असतीत."

मला तिचा चेहरा अजून दिसतो. कुलूप नव्हे, हे तिला आणि सासूला एकाच वेळी कळलं. तिची हाक ऐकून त्याने नेहमीसारखं दार ओढून घेतलं होतं.

ती धावली, या वेळी सरळ वाटेने. त्या वाटेवर ती इतक्या वर्षांत आली नव्हती. "काशीराम भाऊ! भायर येवा! पाणी इला!" तिच्या आवाजाला मासळीखेरीज दुसरं काही ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. पुरुषांनी तिला उतारावर धरलं. ती चावली, तरी त्यांनी सोडलं नाही. मग धरणाकडून आवाज आला आणि बोलणं संपलं. नदी माडांच्या उंचीने आली. काशीरामचं घर आधी गेलं. दार शेवटपर्यंत बंदच होतं.

तो सापडला खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या झाडीत. चंद्रावतीच्याच मालवणातल्या होडीवाल्यांनी त्याला बाहेर काढलं.

पुढे तालुक्याला कार्यक्रम झाला. चंद्रावतीला शाल, श्रीफळ. कोणीतरी भाषणात म्हणालं की या माउलीने अख्खी वाडी वाचवली. "अख्खी नाय," ती खालूनच म्हणाली, पण माईकच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. परतताना ती आमच्या पडवीत बसली. आमचं घर नदीपासून लांब, मळ्याच्या बाजूला, म्हणून चिखल भरूनही उभं राहिलं होतं. सासूने पान पुढे केलं, ते तिने घेतलं नाही.

"सरळ वाटेन इलंय असतंय तर पयला दार त्येंचाच होता," ती म्हणाली. "पण पाय आपसूक मळ्याकडे वळले. बस सोडून धावलंय, जीव तोडून धावलंय, आणि पायांका मनाई आठवली. माका नाय आठवली गो, पायांका आठवली."

सासूने हातातलं पान खाली ठेवलं. ती चंद्रावतीचा हात धरून रडली. आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं, तुझा दोष नाही, दोष त्या भिंतीचा, ती तशीच ठेवणाऱ्यांचा. हे खरंच आहे, आणि ज्यांनी ऐकायला हवं त्यांच्या तोंडावर मी ते सांगेन. पण तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

श्रावण संपला. मासळी सुरू झाली. चंद्रावती परत येऊ लागली, आता सरळ वाटेने. काशीरामच्या घराच्या जागी जोत्याचे चार चिरे तेवढे राहिले आहेत, बाकी नदीची वाळू. तिथे आली की ती टोपली उतरवून चिऱ्यावर ठेवते. हाक मारत नाही. शेजारच्या माणसाशी बोलावं इतक्या हळू म्हणते, "काशीराम भाऊ, पाणी इला हां. भायर येवा." थोडा वेळ थांबते, कोणी यायचं असेल तर येईल इतका.

मग तिला टोपली उचलायची असते, आणि तिथे आता दुसऱ्या बाईचा हात नाही. म्हणून एसटी वाजली की मी हातातलं काम टाकून त्या जोत्यापाशी जाते आणि टोपली तिच्या डोक्यावर चढवते.