रापण आधी, घंटा मागून

आमच्या वाडीची घंटा माझ्या सख्ख्या मामाच्या ताब्यात होती. मालवण बंदरावर वादळाचा बावटा चढला की तिथला शिपाई सायकल मारत येऊन मामाला सांगायचा आणि मामा घंटा बडवायचा. दुसऱ्या कुणी दोरीला हात लावायचा नाही, असा नेम. घंटा झाली की सगळ्यांनी होड्या वर ओढायला धावायचं. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढत असलात, तरी तेसुद्धा सोडून.

त्या कार्तिकात शिपाई येऊन गेला तेव्हा मामाची रापण अर्ध्यावर आली होती, आत बांगडा नुसता उसळत होता. बाबा आमची होडी घेऊन खडपापलीकडे, खोल पाण्यात गेलेले. मी शेजारीच होते. म्हटलं, "मामा, घंटा?"

"वायच थांब गो. रापण भायर येवंदे."

मी थांबले. मामा तो, परका थोडाच! बांगडा वाळूत ओतून झाला, मग मामानं घंटा बडवली. तोवर वारा सुटला होता.

बाबा एका फळीला धरून किनाऱ्याला लागले. होडी गेली. आभाळ भरलेलं त्यांनी पाहिलं होतं, पण मेव्हणा बसलाय घंटेवर, म्हणून निर्धास्त राहिले. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय. मी घरी सगळं सांगितलं. आई भावाच्या दारात जाऊन शाप दिल्यासारखी म्हणाली, "शिरा पडो तुझ्या तोंडार."

दुसऱ्या दिवशी देवळात वाडी जमली. ज्याची होडी गेली त्याच्या शब्दावर निकाल. मामा चुकला ठरला तर घंटाही जाणार होती आणि रापणही. मला वाटलं, आता मेल्याची खोड मोडते.

बाबा उठले. म्हणाले, "घंटा येळार वाजली. वाऱ्यात माकाच आयकाक येवक नाय."

"बाबा, मी सांगितलं ना तुम्हांला!"

"गप रव गो. तुका काय कळता?"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मामासुद्धा.

पुढच्या आठवड्यात बाबा मामाच्या रापणीवर दोर ओढताना दिसले. रापणीत त्यांचा वाटा ठरला होता, तोही निकालाच्या आधीच, हे मागाहून कळलं. मला बघून त्यांनी मान फिरवली. मामानं होडी घालवली, ते मी कधीतरी गिळलं असतं. पण बाबांनी मला चारचौघांत खोटं पाडलं, ते अजून घशाखाली उतरत नाही.