कुठनं कुठं?

माझ्या बारामतीच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरवरचं काम फ्लॉपीवर उतरवून ठेवायला एक कॉम्प्युटरवाला पोरगा दर शनिवारी येतो. काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करतो आणि एन्टर दाबण्याआधी एसटीच्या कंडक्टरसारखं स्वतःलाच विचारतो, "कुठनं कुठं?" मग स्वतःच सांगतो, "मशीनमधनं फ्लॉपीत."

एका शनिवारी मजुरीवरून आमची जुंपली आणि रागाच्या भरात तो विचारायचं विसरला. फ्लॉपीतल्या जुन्या मजकुराने मशीनमधला नवा पुसून टाकला. शेळगावचे आबा धाकट्या मुलीच्या लग्नपत्रिकेची कच्ची प्रत तपासायला समोरच बसले होते. ती पत्रिका मी थोरलीच्या पत्रिकेतच नावं बदलून केली होती. मी छापून दिलेली प्रत वाचून आबा ओरडले, "आरं, ह्यो तर थोरला जावई हाय! त्येला परत बोहल्यावर चढवतोस व्हय?"

मी त्या पोरावर धावून गेलो. तो शांतपणे म्हणाला, "कॉपी बराबर झालीया, मालक. दिशा तेवढी चुकली." आणि पत्रिका पुन्हा टाइप करायला बसला.

तेव्हापासून एन्टरआधी मीच ओरडतो, "कुठनं कुठं?" निम्मं काम आता माझं, पण मजुरी त्याने एका रुपयानेही कमी केलेली नाही.