गाडीच्या जागेवर गोधडी

आमच्या कर्वेनगरच्या गल्लीत त्या वर्षांत माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या होत्या. बिल्डरनं पार्किंग बांधलं ते स्कूटरींच्या हिशेबानं, आणि आम्ही आयटीवाले हप्त्यांवर गाड्या घेऊन मोकळे. मग रस्त्याच्या कडेला जो तो जागा धरायचा. सकाळी गाडी काढली की तिथं वीट, फुटकी बादली, मोडकी खुर्ची, काही ना काही ठेवून जायचं, म्हणजे संध्याकाळी जागा आपली. कायदा कुठलाच नाही, पण रिवाज पक्का. बादल्या मात्र चोरीला जायच्या. माझ्या किती गेल्या, देव जाणे.

मी हडपसरला नोकरीला. रोज सगळं शहर ओलांडून घरी यावं, तर आपल्या जागेत भलत्याचीच गाडी उभी! डोकं असं फिरायचं की विचारू नका. माझं डोकं तसंही लवकर फिरतं. बायको म्हणते, नागपूरचं ऊन अजून उतरलेलं नाही.

त्या थंडीत आई नागपूरहून आली होती. आली कसली, मी ओढून आणली होती. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, ती त्या घरात एकटी, आणि बीपीची गोळी आठवली तर घ्यायची. पण आल्या दिवसापासून तिचं एकच पालुपद, "मी जातो बाप्पा परत." आमच्याकडे बायकाही जातो-येतोच म्हणतात. चौथा मजला, आम्ही नवरा-बायको दिवसभर ऑफिसात, शेजारची दारं बंद, आणि घरात उन्हाचा कवडसा नाही. तिचा तरी काय दोष?

शेवटी तडजोड झाली. येताना तिनं एक गाठोडं आणलं होतं, त्यात बाबांची धोतरं आणि तिची जुनी लुगडी. "याची गोधडी शिवून देतो तुले," ती म्हणाली. "गोधडी झाली का मले गाडीत बसवून दे. मंग थांब म्हणायचं नाही." मी हो म्हटलं. तेवढे तर तेवढे दिवस.

गोधडी शिवायची तर कापडाचे थर जमिनीवर ताणून सपाट पसरावे लागतात. आमच्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही, टीपॉय यांच्यातून माणूस आडवा चालायचा, तिथं गोधडी कुठं पसरणार? गाठोडं तसंच पडून राहिलं. मग एका सकाळी, आदल्या दिवशीच एक बादली गेली होती त्या रागात, मी आईला म्हटलं, "जरा बाल्कनीतून आपल्या जागेवर लक्ष ठेव. कुणी गाडी लावायला लागलं तर ओरड."

"चौथ्या मजल्यावरून ओरडू? कोण ऐकते? त्यापरीस खालीच जाऊन बसतो."

संध्याकाळी येऊन पाहतो तर काय! माझ्या जागेत सतरंजी, सतरंजीवर धोतर-लुगड्यांचे थर, कोपऱ्यांवर विटा, आणि कडेला मांडी घालून आई. दिवसभर उन्हात बसल्यानं चेहरा उजळला होता. बऱ्याच महिन्यांत तिला मी अशी पाहिली नव्हती.

"धरली पाह्य जागा," ती म्हणाली.

"धरलीस गं. पण आता गाडी कुठं लावू?"

"लाव ना तिकडं कुठंबी. माही ओळ राह्यली अर्धी."

घ्या! ज्याची जागा तोच बाहेर. मी कालव्याकडच्या रस्त्याला गाडी लावली आणि चालत घरी आलो. रागावलो होतो का? मुळीच नाही. शीळ घालत आलो.

दोन-चार दिवसांत तिथं तळमजल्यावरच्या बाई आल्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहायच्या. सगळी गल्ली त्यांना नुसतं बाई म्हणायची आणि दचकून असायची. पहिल्या दिवशी उभ्यानंच विचारलं, "अहो, हे रस्त्यात काय मांडलंय?"

"गोधडी," आई म्हणाली. "बसा ना."

"मला वेळ नाही," म्हणाल्या आणि बसल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःची सुई घेऊन आल्या.

त्यांच्यामागून गल्लीतल्या आणखी बायका येऊ लागल्या. गोधडीला चारी बाजूंनी माणसं बसू शकतात, हा तिचा मोठा गुण. प्रत्येकीनं आपल्या काठापासून सुरुवात करायची आणि आत सरकत जायचं. शाळा सुटली की पोरं उरलेल्या डांबरावर खडूनं चित्रं काढायची. कुणी तुळशीची कुंडी आणून ठेवली, कुणी शेंगा उकडून आणल्या. रविवारी माझी गाडी जागेवर असायची, तर बाईंनी सकाळीच बेल वाजवली. "गाडी हलवताय ना? का तिलाही साप्ताहिक सुट्टी असते?" हलवली बाबा.

एकदा एक मोठ्या गाडीवाला हॉर्न वाजवत थांबला. "रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे का?"

"नाही," बाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "तुमचाही नाही. पुढं जा."

गेला बिचारा.

आई खाली जाताना तांब्या-भांडं न्यायची, पण स्वतःपुरतं. पाणी घेता का, असं कुणाला विचारायची नाही. आम्ही बौद्ध. आजी-आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा आई परकरात होती, आणि त्याआधीचं बरंच काही तिला आठवतं. एके दुपारी बाईंना ठसका लागला. त्यांनी न विचारता आईच्या तांब्यातलं पाणी ओतून घेतलं, प्यायल्या, आणि पुन्हा सुई उचलली. आईनं हे मला जेवताना सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा सांगितलं.

माझं डोकं फिरलं. "यात कौतुक काय, आई? तहान लागली, पाणी प्यायल्या. उपकार केले का?"

"मी कौतुक करत नाही. सांगतो फक्त. तुले कोणी वरून पाणी ओतलं नाही कधी. तुले नाही समजत."

तिचं खरं होतं.

इकडं गोधडी काही पुढं सरकेना. कारण बाई. एवढ्या शिस्तीच्या बाई, पण टाका असा वाकडा की कापड फुगायचं. कधी ओळ सोडून भलतीकडंच जायच्या, कधी दोरा ओढून सुरकुती पाडायच्या. आई निमूटपणे बाईंची बाजू उसवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मला आतून बरंच वाटायचं. गोधडी झाली की आई जाणार, हे तिनं खालीही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं; तो बोललेला शब्द होता, आणि आमच्या आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. बाईंच्या हाताला यश येऊ नये, अशी मी मनोमन प्रार्थनाच करत होतो म्हणा ना.

मग एका संध्याकाळी बाईंची सुयांची डबी गोधडीच्या घडीत आमच्या घरी आली, ती द्यायला मी खाली गेलो. त्यांनी दार उघडलं. समोरच्या भिंतीवर चौकटीत बसवलेला कशिदा होता, मोर आणि वेलबुट्टी. इतकं बारीक काम की टाके दिसायला भिंग लागावं.

"हे कुणी केलंय?" मी विचारलं.

"मी. मुख्याध्यापिका होण्याआधी शिवणाचे वर्ग घ्यायचे."

"मग बाई, गोधडीवर तुमचे टाके..."

"चहा घेणार आहात का?" बाई म्हणाल्या. "नसाल तर दार लावते. डास येतात."

दार लागलंसुद्धा. मी जिन्यात उभा. हसू की काय करू, कळेना. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला 'बसा' म्हटलं नसेल, तिला माझी आई जायला नको होती. आणि ते तोंडानं बोलणं काही जमत नव्हतं.

वर आलो. आई मांडीवर गोधडीचा काठ घेऊन उसवत बसली होती. मला राहवेना. म्हटलं, "आई, बाईंना उत्तम शिवता येतं. त्या मुद्दाम वाकडं घालतात."

आईनं मान वर केली नाही. "मले माहीत हाये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. सुई धरली तवाच समजलं, हा शिकलेला हात हाये."

"मग रोज उसवत काहून बसतेस? त्यांना सांगून टाक ना सरळ."

तिनं एक वाकडा टाका ओढून काढला. मग म्हणाली, "हे पाह्य. आजवर मले लोकायनं सरक म्हटलं. बाजूला हो म्हटलं. मी थांबावं म्हणून कोणी चुकीचं काम केलं नव्हतं रे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवता आलं नाही. तिनं पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढायला खाली गेलो, तर बाई सतरंजी काखेत घेऊन उभ्याच होत्या.

"आवरा लवकर," म्हणाल्या. "आम्हाला बसायचंय."