खंडेनवमीला पुजलेली दुर्बीण

आमच्या ह्यांना चाळिशी लागली आणि घरातल्या रायफलीवर संक्रांत आली.

रायफल सासऱ्यांच्या वेळची, रानडुकरांसाठी घेतलेली. पण ह्यांना डुकरांपेक्षा कागदाचं निशाण प्रिय. वडनेरच्या शेतात पार पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फळीला कागद ठोकायचा, सरकीच्या पोत्यावर रायफल टेकवायची आणि पालथं पडून शांतपणे गोळी झाडायची, हेच त्यांचं व्यसन. विडी नाही, पत्ते नाहीत. मी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? दिवाळीनंतर नागपूरला स्पर्धा असे. तिथून परत आले की आठवडाभर खुशीत असत.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. चष्मा लावला की नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी स्पष्ट आणि निशाण पुसट. चष्मा काढला की निशाण दिसे, माशी गायब. मागच्या स्पर्धेत फजिती झाली होती. यंदाही तसंच झालं तर रायफल विकून टाकणार, असं त्यांनी सांगून टाकलं. ते बोलले सहज, पण मला धस्स झालं. ह्या माणसाला स्वतःची म्हणावी अशी तेवढी एकच हौस होती.

म्हणून नागपूरच्या दुकानदाराकडून त्यांनी रायफलीवर बसवायच्या दोन दुर्बिणी पसंतीसाठी आणल्या. नको असेल ती दसऱ्यानंतर परत करायची. एक बारकी, चौपट दाखवणारी. दुसरी जाडजूड, दहापट. बघायला सगळी आळी लोटली. मुलगी पाहायलाही एवढी माणसं येत नाहीत. शेजाऱ्याला जाडीतून स्वतःचाच बैल दुसऱ्याच्या तुरीत शिरलेला दिसला, तसा दुर्बीण माझ्या हातात कोंबून तो पळाला. मग काय, सगळ्यांचं मत जाडीला. मोठं दिसतं ते चांगलं, यावर कोण काय बोलणार?

दुपारी जाडी बसवून हे शेतात गेले आणि तोंड पाडून परत आले. दुर्बिणीतली फुली निशाणावर क्षणभर ठरत नव्हती, श्वासागणिक उड्या मारत होती. काळ्या जमिनीवरून उठणाऱ्या उन्हाच्या लहरींत कागदही पोहत होता. दुसऱ्या दिवशी तेच. "माहा हात गेला," ते मला म्हणाले. डोळ्यांचं दुःख होतंच, त्यात ही भर. ताटावर बसत आणि भाकरी कुसकरून उठत. मी पिठलं केलं, वांग्याचं भरीत केलं. शेवटी माझ्याच हाताला चव राहिली नाही असं वाटून मी उलट रुसले.

खंडेनवमीला सासूबाईंनी विळे, कुऱ्हाड, रायफल पाटावर मांडून पुजली. शेजारी बारकी दुर्बीणही मांडली, आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत बोट थेट तिच्या भिंगावर ओढलं. जाडी तिच्या डब्यातच. हे कपाळावर हात मारून बसले. पुसपुसून कुंकू गेलं, कडेची लाली राहिली. आता दुकानदार ती कशाला परत घेतोय?

"पुजलेली वस्तू वापस नाई करत," सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या.

आईपुढे ह्यांचं काही चालत नसे. मुकाट्याने बारकी बसवली आणि दसऱ्याच्या सकाळी शेतावर निघाले. मलाही सोबत नेलं, बहुधा रायफलीचा निरोप घ्यायला. त्यांनी नेम धरला, सावकाश गोळ्या झाडल्या, आणि कागद काढून आणायला मी गेले. पाहते तर मधलं काळं वर्तुळ कोरं! सगळी भोकं वीतभर बाजूला, एकाच ठिकाणी खेटून. संपलं सगळं, असं वाटून मी जड पायाने परतले.

ह्यांनी कागद हातात घेतला आणि खदखदून हसले. भोकं बाजूला गेली तर दुर्बिणीचा पेच फिरवून ती मध्ये आणता येतात, पण एकमेकांजवळ आणायला हातच लागतो, असं त्यांनी मला समजावलं. हात जागेवर होता. दहापट दुर्बीण थरथरही दहापट दाखवते, एवढं आपल्याला सुचू नये याचीच त्यांना लाज वाटत होती. मला तर तिथेच रडू आलं.

घरी येऊन त्यांनी सासूबाईंपुढे कागद धरला. "माय, बारकीच घ्या लागते हे तुले कसं समजलं?"

त्या तव्यावरची पोळी उलटत होत्या. "मले काय समजते त्यातलं," त्या म्हणाल्या. "त्या जाडीतून पाह्यलं तवापासून तू धड जेवला नाई. तिले काऊन पुजू मी?"