मिरचीचे हात

धर्माबादहून आलेल्या मिरचीच्या पोत्याचं तोंड सोडलं, की नांदेडच्या या फ्लॅटमध्ये मला ठसका लागतो आणि आमचा आखाडा, शेतातली ती वस्ती, आठवतो.

उन्हात लाल मिरची पसरली होती. आई देठं खुडायला नुकती बसत होती. तेवढ्यात काका तरातरा आले. बाबांनी बांध कोरला म्हणून भडकलेले, हातात कोयता.

"वहिनी, दादा कुठं हाय? आज सोडत न्हाई त्याला!"

बाबा मागच्या खोपीत होते. तिथून कुऱ्हाड उचलल्याचा आवाज आला. मी तोंड उघडणार, तोच आईनं डोळे वटारले.

"सांगते, भाऊजी. मिरचीचे हात हायत, धुऊन येते."

ती रांजणापाशी गेली. आधी तेल चोळलं, मग राख, मग पाणी. एकेक बोट सावकाश. काकांची मूठ कोयत्यावर आवळायची, सैल व्हायची. मिरचीच्या खाटानं त्यांचे डोळे गळू लागले. शेवटी ते मटकन खाली बसले.

"पाणी द्या, वहिनी."

एवढ्या घाईत हात कसले धुते, म्हणून मी तेव्हा आईवर चिडले होते. आज पोतं सोडताना अंगावर काटा येतो. त्या दिवशी आईनं मिरचीला अजून हातही लावला नव्हता.