कॉम्प्युटरनं नाव घ्यायला लावलं

कापूरहोळच्या फाट्यावर आमची दोन दुकानं होती. एक नवऱ्याचं पंक्चरचं आणि त्याला लागून माझं टायपिंगचं. मागं घर. लग्नपत्रिका, अर्ज, बायोडाटा, सगळं मी कॉम्प्युटरवर करून द्यायची. गिऱ्हाईक खुर्चीमागं उभं राहून माझ्या बोटांकडं बघायचं, त्यामुळं पासवर्ड अख्ख्या फाट्याला पाठ झाला होता. माझी पाठ वळली की कुणीही बसावं, पत्ते खेळावेत, एखादी फाइल उडवून निघून जावं. नुसता संताप व्हायचा.

पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या दिरांनी एका रविवारी त्यावर उपाय आणला. सीडी घातली, माईक जोडला आणि म्हणाले, "वहिनी, आता फक्त तुमच्या आवाजानं उघडंल. पूर्ण नाव तीनदा बोला."

पूर्ण नाव म्हणजे मध्ये नवऱ्याचं आलंच! आमच्यात ते घ्यायचं उखाण्यात, तेही चारचौघी मागं लागल्यावर. शेजारी स्टुलावर सासूबाई गहू निवडत बसलेल्या. मी नुसतं माझं नाव आणि आडनाव म्हणून बघितलं, तर दीर म्हणाले, "लई आखूड होतंय, घेत न्हाई ते." शेवटी पदर डोक्यावर घेतला, मान खाली घातली आणि माईकपाशी तीनदा पुटपुटले. सासूबाई गालात हसल्या. दीर संध्याकाळच्या एसटीनं परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे गॅरेजवाले चाचा आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी आधीच तयार करून ठेवली होती. ती फ्लॉपीत घालून द्यायची आणि त्यांनी पुण्याच्या प्रेसला न्यायची. प्रेसवाल्यानं तोच एक दिवस दिला होता. तो हुकला असता तर पत्रिका लग्न झाल्यावर हातात पडल्या असत्या.

"घरातलं पयलंच लगीन हाय, ताई," चाचा म्हणाले. "तेवढं बगा."

दुकानात चाचांशिवाय कुणी नव्हतं. मी झोकात पूर्ण नाव घेतलं. मशीन ढिम्म. पुन्हा घेतलं. माईक पुसला, गरम पाणी प्यायले, खाकरले. मग कालच्यासारखं पुटपुटून बघितलं, पण ओढूनताणून आणलेली लाज त्याला पटेना. दिरांना फोन लावावा तर ते जागेवर नव्हते. चाचा बिचारे सारखे घड्याळाकडं बघत होते. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेव्हा डोक्यात आलं, की काल समोर सासूबाई होत्या.

मी मागच्या दारातून हाक मारली. "आत्याबाई, जरा हितं येऊन बसा की!"

त्या पिठाच्या हातानंच आल्या आणि त्याच स्टुलावर बसल्या. "काय झालं गं?" म्हणून रोखून बघायला लागल्या. झालं! आपोआप पदर डोक्यावर गेला, मान खाली गेली, आवाज बारीक झाला. मी नाव पुटपुटले आणि मशीन उघडलं.

पत्रिका जागच्या जागी होती. फ्लॉपी हातात पडताच चाचांनी ती कपाळाला लावली आणि एसटी गाठायला पळाले. गाडी हलताना दिसली तेव्हा मी खुर्चीत अंग टाकलं. इतकं हलकं वाटलं, की हसूच आवरेना.

सासूबाई मात्र उठेनात. काय घोटाळा झाला होता, ते त्यांनी नीट विचारून घेतलं.

"मग आता नाव मोठ्यानं भर त्यात," त्या म्हणाल्या. "दर येळंला म्या कुठं हितं येऊन बसू? अन् माज्यापायी लोकांच्या पोरींच्या पत्रिका अडवायच्या व्हय?"

मी पदर खांद्यावर घेतला, माईक पुढं ओढला आणि फाट्यावर ऐकू जाईल असं खणखणीत पूर्ण नाव घेतलं.

"ओ!" पंक्चरच्या दुकानातून आवाज आला. "काय गं?"

लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती. पहिल्याच हाकेला त्यांनी ओ दिली.